तारे इतक्या सावकाश का जन्मतात? थंड ढगांतला वायू आणि त्यातलं चुंबकत्व

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की नारायणगावजवळच्या खोडदचं नाव हमखास येतं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिच्या जवळून विजेवरची गाडी गेली तर निरीक्षणांत अडथळा येईल, हा मुद्दा मार्गाच्या आखणीत पुढे आला. गाडीच्या छतावरचा पेंटोग्राफ आणि वरची तार यांच्यात उडणारी बारीक ठिणगीसुद्धा रेडिओ लहरी सोडते, आणि दुर्बिणीला ज्या लहरी टिपायच्या असतात त्या या ठिणगीच्या मानाने नगण्य असतात. मग नाशिकच्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो: आकाशातून असं येतं तरी काय, की त्यासाठी रूळ वळवावे लागतील?

याची उत्तरं बरीच आहेत. त्यातलं एक म्हणजे ताऱ्यांमधल्या थंड वायूकडून येणारा क्षीण संदेश. तारे या वायूतूनच घडतात, आणि ते कधी, कुठे, किती घडायचे हे ठरवण्यात वायूतल्या अतिशय दुबळ्या चुंबकत्वाचा मोठा हात असतो. हे चुंबकत्व मोजायचं तर जगातल्या उत्तमोत्तम दुर्बिणींचाही कस लागतो.

ढग म्हणजे नेमकं काय?

जानेवारीत रात्री दहाच्या सुमाराला, शहराचे दिवे मागे टाकून गंगापूर धरणाच्या बाजूला गेलं की दक्षिणेला बऱ्यापैकी उंचावर मृग नक्षत्र दिसतं. मृगाच्या पोटात शिरलेल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत असतात. त्यांच्या थोडं खाली पाहिलं तर एक धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ आहे. आपल्याला दिसतो तो नव्या ताऱ्यांनी तापवलेला, उजळलेला भाग. त्याच्या मागे प्रचंड, काळा, थंड ढग पसरलेला आहे आणि तो डोळ्यांना अजिबात दिसत नाही.

अशा ढगाला रेणुमेघ म्हणतात, कारण त्यातला हायड्रोजन सुट्या अणूंच्या नव्हे तर रेणूंच्या रूपात असतो, म्हणजे दोन-दोन अणू जोडलेले. तापमान १० ते २० केल्विन, म्हणजे उणे २६३ ते उणे २५३ अंश सेल्सियस. सोबत वजनाने साधारण एक टक्का धूळ असते. हे कण धुराच्या कणांइतके बारीक असतात. मोठ्या ढगाचा पसारा शंभर प्रकाशवर्षांच्या पुढे जातो आणि त्यात लाखभर सूर्य घडतील इतका ऐवज असू शकतो.

अडचण अशी की इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही. म्हणून त्याच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा माग काढतात. त्याची २.६ मिलिमीटर लांबीची रेडिओ लहर १९७० मध्ये पहिल्यांदा अवकाशातून टिपली गेली आणि रेणुमेघांचे नकाशे काढता येऊ लागले. ही लहर सुमारे ११५ गिगाहर्ट्झची, तर जीएमआरटीची मर्यादा साधारण १,४५० मेगाहर्ट्झ. त्यामुळे ती काही खोडदला ऐकू येत नाही. खोडदला ऐकू येतो तो ढगाभोवतीचा सुटा, अणुरूप हायड्रोजन, १,४२० मेगाहर्ट्झवर.

शंका: एवढं विरळ असेल तर त्याला वायू तरी का म्हणायचं?

रास्त शंका आहे. आपल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. रेणुमेघात सरासरी काहीशे. आपल्या मापाने ही पोकळीच.

पण वायू 'वाहतो' की नाही हे नुसत्या दाटीवर ठरत नाही. एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत रेणू किती अंतर जातो आणि ते अंतर ढगाच्या मानाने केवढं, हे पाहायचं. घन सेंटिमीटरमागे हजार रेणू धरले तर हे अंतर साधारण एक कोटी किलोमीटर येतं. ऐकायला प्रचंड वाटतं. पण ३० प्रकाशवर्षांचा ढग याच्या जवळपास तीन कोटी पट मोठा आहे. त्यामुळे ढगाच्या पातळीवर दाब, प्रवाह, भोवरे, लाटा हे सगळं खऱ्या वायूसारखंच चालतं.

हिशेब जुळत नाही

आता मुख्य कोडं. आपल्या आकाशगंगेत रेणुरूप वायू ढोबळमानाने १०० कोटी सूर्यांइतका आहे. दुसरं काहीच आड आलं नाही, तर घन सेंटिमीटरमागे शंभर रेणू असलेला ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने ३०-४० लाख वर्षांत कोसळायला हवा. भागाकार केला तर दरवर्षी अडीच-तीनशे सूर्यांइतके तारे तयार व्हायला हवेत.

होतात किती? वर्षाला एक ते दोन सूर्यांइतके. शंभराहून जास्त पटींचा फरक! अशी तफावत मोजमापातल्या किरकोळ चुकीतून येत नाही. वायूला कोणीतरी थोपवून धरतंय. १९७० च्या दशकात हे लक्षात आलं आणि तेव्हापासून त्यावर वाद झडतायत.

पहिला संशयित: वायूची स्वतःची धावपळ

गोदावरीला पूर येतो तेव्हा दुतोंड्या मारुतीपाशी पाणी पाहिलंय? मूर्तीला आपटून पाणी दुभंगतं, मागे मोठा भोवरा धरतो, त्यातून लहान भोवरे सुटतात, त्यांतून आणखी लहान. मोठ्या हालचालीची शक्ती अशी लहान-लहान हालचालींत झिरपत शेवटी उष्णतेत विरते. या अव्यवस्थित वाहण्याला प्रक्षोभ म्हणतात.

रेणुमेघातही हेच चालतं, पण पाण्यात आणि त्यात एक मोठा फरक आहे. १० केल्विनला ध्वनीचा वेग सेकंदाला फक्त ०.२ किलोमीटर असतो, आणि ढगातला वायू सेकंदाला दोन-चार किलोमीटरने पळत असतो. म्हणजे ध्वनीच्या दहा-वीसपट वेग. असे दोन प्रवाह समोरासमोर आले की एकमेकांना वळसा घालायला त्यांना वेळच मिळत नाही. ते आदळतात आणि आघात लाट तयार होते.

सायकलचा पंप जोरात मारला की नळी तापते, कारण दाबलेली हवा गरम होते आणि गरम झाली की उलटा जोर लावते. रेणुमेघात दाबामुळे आलेली उष्णता कार्बन मोनॉक्साइड आणि धूळ लगेच प्रारणाच्या रूपात बाहेर फेकतात. वायू थंडच राहतो, उलटा जोर लावत नाही, आणि म्हणून भलताच दाबला जातो. नियम साधा आहे: वेग ध्वनीच्या जितक्या पट, त्याच्या वर्गाइतकी दाटी वाढते. दहापट वेगाने टक्कर झाली तर वायू शंभरपट दाट.

म्हणजे ही धावपळ दोन उलट कामं करते. मोठ्या पट्ट्यात ती ढगाला कोसळू देत नाही. लहान पट्ट्यात तीच वायूचे दाट थर आणि लांबट तंतू रचते. २००९ मध्ये सोडलेल्या हर्शेल अवकाश दुर्बिणीने जवळच्या ढगांमध्ये अशा तंतूंचं जाळं दाखवलं. बऱ्याच तंतूंची रुंदी प्रकाशवर्षाच्या एक तृतीयांशाच्या आसपास निघाली आणि नवे तारे या तंतूंवर ओळीने बसलेले सापडले.

पण धरणाचा विसर्ग थांबला की भोवरे फार काळ टिकत नाहीत. ढगातला प्रक्षोभही काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत विरायला हवा. तो टिकतो, कारण ताऱ्यांचे स्फोट, नव्या ताऱ्यांचे झोत आणि आत पडणारा वायू त्याला शक्ती पुरवत राहतात. ही पुरवणी सगळीकडे पुरेशी असतेच असं नाही, म्हणून एकट्या प्रक्षोभावर सगळी जबाबदारी टाकता येत नाही.

दुसरा संशयित: चुंबकत्व

नाशिकमध्ये होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास आहे. गॉस हे असं क्षेत्र मोजायचं एकक, आणि मायक्रोगॉस म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. रेणुमेघाच्या विरळ भागातलं क्षेत्र साधारण १० मायक्रोगॉस, म्हणजे त्याच्या ४० हजार पट दुबळं. हा आकडा ऐकून बहुतेक जण विचारतात, की एवढ्याशा क्षेत्राने काय होणार?

दाबाशी तुलना करा. घन सेंटिमीटरमागे ३०० रेणू आणि १० केल्विन तापमान धरलं तर वायूच्या उष्णतेचा दाब जितका येतो, त्याच्या जवळपास दहापट दाब १० मायक्रोगॉसचं क्षेत्र देतं. क्षेत्र दुबळं खरंच, पण समोरचा वायू त्याहून दुबळा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: हायड्रोजनचा रेणू विद्युतभाररहित असतो, त्याला चुंबकत्व धरणार कसं?

इथे सिंहस्थातला रामकुंड डोळ्यांसमोर आणा. सगळी गर्दी कुंडाकडे खेचली जातेय. हे गुरुत्वाकर्षण समजा. वाटेत लांबच लांब दोर बांधलेत. दोराच्या कडेकडेने चालायला काहीच हरकत नाही, दोर ओलांडून आडवं जाता येत नाही. हे दोर म्हणजे क्षेत्ररेषा, चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा. आता गंमत अशी की भाविकांच्या हातात दोर नाही. दोर धरलाय स्वयंसेवकांनी. भाविक स्वयंसेवकाला धडकतो आणि अडतो, म्हणजे दोराचा जोर त्याच्यापर्यंत स्वयंसेवकाच्या खांद्यावाटे पोचतो.

ढगातले स्वयंसेवक म्हणजे आयन, विद्युतभार असलेले कण. दाट ढगात ताऱ्यांचा प्रकाश शिरत नाही, पण वैश्विक किरण शिरतात आणि एखाद-दुसऱ्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडवतात. दाट गाभ्यात हे प्रमाण साधारण एक कोटी कणांमागे एक आयन इतकं कमी असतं. तरीही टकरा इतक्या होतात की तेवढे पुरतात. वायू आणि क्षेत्र एकमेकांत रुतून एकत्र हलतात: वायू दाबला गेला की रेषा जवळ येतात, क्षेत्र वाढतं आणि उलटा जोर लावतं.

पण गर्दी फार दाटली आणि स्वयंसेवक फारच विरळ झाले तर? मग भाविक त्यांच्यामधून हळूहळू निसटून पुढे जातात. दोर मागे राहतो, गर्दी कुंडाशी पोचते. लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये हीच कल्पना मांडली. तिला उभयध्रुवी विसरण (ambipolar diffusion) म्हणतात. आपण नुसतं 'निसटणं' म्हणू. नेहमीच्या परिस्थितीत या निसटण्याला सरळ कोसळण्याच्या साधारण दहापट वेळ लागतो.

मोजतात कसं? धुळीची दिशा

उन्हात वापरायचा पोलरॉइड गॉगल मोबाइलच्या पडद्यासमोर धरून फिरवला तर एका कोनात पडदा काळा होतो. पडद्याचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. ढगातली धूळही थोडाफार असाच प्रकाश देते. धुळीचे कण लांबुळके असतात आणि गरगर फिरत असतात. ताऱ्यांच्या प्रकाशाचा मार आणि क्षेत्र यांच्या संयुक्त परिणामाने त्यांचा लांब अक्ष क्षेत्राला आडवा येतो.

म्हणून धुळीच्या स्वतःच्या उत्सर्जनाची ध्रुवित दिशा मिळाली की ती ९० अंशांनी फिरवायची, मग क्षेत्राची दिशा मिळते. धुळीआडून येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश मोजला असेल तर फिरवायची नाही, कारण तिथे कणांच्या लांब दिशेतला प्रकाश शोषला जातो आणि उरलेला क्षेत्राला समांतर असतो. हे दोन नकाशे शेजारी ठेवताना नवशिक्याची चूक इथेच होते. प्लांक उपग्रहाने ३५३ गिगाहर्ट्झवर अख्ख्या आकाशाचा असा नकाशा काढला आहे.

पण ही झाली नुसती दिशा. तीव्रता कशी काढायची? त्यासाठी चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ मध्ये वापरलेली युक्ती आहे. द्राक्षबागेतली तार पाहा. ताणून बांधलेली तार वाऱ्यात जेमतेम थरथरते, सैल तार हेलकावे खाते. वारा किती आणि तार किती हलते हे माहीत असेल तर ताण सांगता येतो. ढगातला वारा म्हणजे वायूचा प्रक्षोभ, आणि तारेचं हलणं म्हणजे क्षेत्राच्या दिशेतला विस्कळीतपणा.

हिशेब असा: घन सेंटिमीटरमागच्या रेणूंच्या संख्येचं वर्गमूळ घ्या, त्याला वर्णरेषेच्या, म्हणजे रेणूंकडून ठराविक लहरलांबीला येणाऱ्या रेषेच्या, वायूच्या धावपळीमुळे पसरलेल्या रुंदीने (किलोमीटर प्रति सेकंद) गुणा, दिशांच्या विखुरणीने (अंश) भागा, आणि ९.३ ने गुणा. उत्तर मायक्रोगॉसमध्ये. घनता १०,०००, रुंदी ०.५, विखुरणी १० अंश असेल तर १०० गुणिले ०.५ भागिले १० म्हणजे ५, गुणिले ९.३ म्हणजे सुमारे ४६ मायक्रोगॉस.

हे उत्तर डोळे झाकून घेऊ नये. एकाच नजररेषेत मागेपुढे पाच-सहा भोवरे असतील तर त्यांच्या दिशांची सरासरी होते, तार असते त्याहून सरळ दिसते आणि क्षेत्र फुगवून मोजलं जातं. विखुरणी २५ अंशांच्या पुढे गेली तर सूत्राचा पायाच ढासळतो. शिवाय घनता आपण अंदाजाने घेतलेली असते, कारण ढगाची खोली थेट दिसत नाही.

मोजतात कसं? दुभंगलेली रेषा

थेट मोजायचा मार्ग एकच, झीमन परिणाम. चुंबकीय क्षेत्रात अणूची वर्णरेषा दुभंगते, हे पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. हायड्रोजनच्या १,४२० मेगाहर्ट्झच्या रेषेला १० मायक्रोगॉसचं क्षेत्र मिळालं तर दोन भागांत अंतर पडतं फक्त २८ हर्ट्झ. आणि वायूच्या हालचालीमुळे रेषा स्वतःच केवढी पसरलेली असते? सेकंदाला एक किलोमीटरच्या हालचालीने सुमारे ४,७०० हर्ट्झ. म्हणजे रेषेच्या जाडीचा जवळपास एकशे सत्तरावा भाग हेरायचा.

दुभंगलेले दोन भाग नुसत्या नजरेला वेगळे दिसणं शक्यच नाही. पण एक भाग उजवीकडे वळणाऱ्या ध्रुवित लहरींचा असतो, दुसरा डावीकडे वळणाऱ्यांचा. दोन्ही वेगळे नोंदवून वजाबाकी केली की एक चिमुकली नागमोडी खूण उरते. तासन् तास निरीक्षण करून ती गोंगाटातून वर काढावी लागते. अशा वेळी बाहेरचा रेडिओ गोंगाट किती महागात पडतो, हे वेगळं सांगायला नको.

बिघाड कुठे होतो? दुर्बीण उजव्या आणि डाव्या लहरींसाठी आकाशाचा किंचित वेगळा तुकडा पाहत असेल आणि ढग फिरत असेल, तर त्या दोन तुकड्यांचा वेग वेगळा येतो आणि वजाबाकीत हुबेहूब तशीच खोटी खूण उमटते. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून तेच निरीक्षण पुन्हा करतात. खरी खूण जागची हलत नाही, खोटी बदलते. आणखी एक मर्यादा: ही पद्धत क्षेत्राचा आपल्या दिशेने असलेला भागच सांगते. शिवाय सगळीकडे सापडणारा कार्बन मोनॉक्साइड इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात सुटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन नसतो, आणि रेषा पुरेशी दुभंगायला तो लागतो.

वजन भारी की क्षेत्र?

आता तराजू लावू. एका पारड्यात ढगाचं वजन, दुसऱ्यात त्यातून जाणारं क्षेत्र. आपल्यापासून ढगापार जाणाऱ्या एक चौरस सेंटिमीटरच्या स्तंभात किती हायड्रोजन रेणू आहेत ते मोजायचं. १ वर २१ शून्यं इतके रेणू म्हणजे एक एकक धरा. मग एककांची संख्या गुणिले ७.६, भागिले क्षेत्र मायक्रोगॉसमध्ये. उत्तर एकाहून कमी आलं तर क्षेत्र ढगाला तोलून धरतं. एकाहून जास्त आलं तर वजन जिंकतं.

विरळ भाग: एक एकक, १० मायक्रोगॉस. उत्तर ०.७६. तोललेला. दाट गाभा: दहा एकक, ३० मायक्रोगॉस. उत्तर सुमारे २.५. हा कोसळणार. झीमन मोजणीतून दिसलेलं चित्र साधारण असंच आहे. घन सेंटिमीटरमागे ३०० कणांपर्यंत क्षेत्र १० मायक्रोगॉसच्या आसपासच राहतं, मग दाटीबरोबर वाढत जातं, पण वजन त्याहून वेगाने वाढतं.

यात एक बारकावा आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका आहे. क्षेत्र न वाढता दाटी कशी वाढते? वायू दोराच्या कडेने, म्हणजे रेषांच्या लांबीच्या दिशेने सरकतो. तसं सरकताना रेषा जवळ येत नाहीत, विरोध होत नाही, वजन मात्र साचत जातं. प्लांकच्या नकाशात याचा पुरावा आहे: विरळ भागातले तंतू क्षेत्राला समांतर, आणि दाट तंतू क्षेत्राला काटकोनात. रेषांवरून घरंगळत आलेला वायू आडव्या तंतूत जमा झाला की नकाशा असाच दिसणार.

शंका: मग निसटणं खरं की धावपळ?

पूर्वी दोन तट होते. एकाचं म्हणणं, क्षेत्र ढगाला धरून ठेवतं आणि निसटण्याच्या संथपणामुळे तारे संथ जन्मतात. दुसऱ्याचं, प्रक्षोभच सगळं ठरवतो. आज दोन्ही टोकं टिकत नाहीत. चीनच्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीने २०२२ मध्ये वृषभ राशीतल्या एल१५४४ या गाभ्याभोवती सुमारे ४ मायक्रोगॉस क्षेत्र मोजलं. अर्थ असा, की गाभा दाट होण्याच्या आधीच, बाहेरच्या आवरणातही पारडं वजनाकडे झुकलं होतं. हे निसटणं जुन्या गणितापेक्षा लवकर उरकलं असावं, आणि प्रक्षोभ त्याला हातभार लावत असावा, असा त्याचा कल दिसतो.

क्षेत्राचं काम गाभा कोसळल्यावर संपत नाही. सगळ्या रेषा वायूबरोबर आत ओढल्या गेल्या असत्या तर सूर्याएवढ्या ताऱ्याचं क्षेत्र कोट्यवधी गॉस झालं असतं. तरुण ताऱ्यांवर ते प्रत्यक्षात काही हजार गॉस मोजलं जातं. म्हणजे वाटेत जवळजवळ सगळं क्षेत्र मागे सुटतं. आणि ते फार उशिरा सुटलं तरी पंचाईत: फिरत्या गाभ्याला बाहेरच्या वायूशी बांधणाऱ्या रेषा ब्रेकसारखं काम करतात, फिरणं इतकं मंदावतं की ताऱ्याभोवती वायू-धुळीची चकतीच उरत नाही. ग्रह घडतात ते याच चकतीत. चकती नाही तर ग्रह नाहीत. २०१४ मध्ये आल्मा दुर्बिणींनी एचएल टौरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची वलयांकित चकती स्पष्ट दाखवली, तेव्हा क्षेत्र वेळेत सुटतं हे उघडच आहे. नेमकं कोणत्या टप्प्यावर आणि किती, यावर आज काम चालू आहे.

मृगातल्या त्या धुरकट ठिपक्यामागच्या थंड ढगात, ओएमसी-१ नावाच्या दाट भागात, हवाईमधल्या जेसीएमटी दुर्बिणीने धुळीच्या ध्रुवित प्रकाशावरून रेषांचा नकाशा काढला आहे. दोन्ही बाजूंना फाकलेल्या आणि मध्ये आवळलेल्या, डमरूसारख्या. तिथे क्षेत्र काही मिलिगॉस आहे, ढगाच्या विरळ भागापेक्षा शेकडो पट. तरीही कंबर आवळली गेली आहे, आणि तिथला वायू रेषांना सोबत ओढत आत पडतो आहे.